बर्फ वितळायच्या आत

वच्छलाबाईंना दिवसाआड एक सुई द्यायची असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि ते काम बेबीताई तायडेकडे आलं. साल एकोणीसशे नव्वद. बेबीताई पळसवाडीच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. पळसवाडी मोताळ्याहून आठ किलोमीटर आत. केंद्राच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात ती आणि नवरा माणिकराव. माणिकराव गावातल्याच शाळेत मास्तर. बेबीताईचं वय चौतीस. महिन्यातले दहा-बारा दिवस ती लशीचा डबा खांद्याला लावून आसपासच्या सहा गावांना जायची, उरलेले दिवस केंद्रात बसायची. सकाळची ओपीडी साडेबाराला संपे, संध्याकाळची चारला उघडे. मधल्या वेळात सुई द्यायला जायचं ठरलं.

वच्छलाबाई म्हणजे वामनराव पाटलांची बायको. गुडघे गेल्यापासून त्या घराबाहेर पडत नसत. पन्नाशी गाठलेली, शिक्षण सातवीपर्यंत, डोकं तल्लख, आणि दिवसभर करायला काही नाही. मुलगा जानराव मुंबईला एका कंपनीत होता. ती कंपनी टीव्हीला जोडायचे गेम विकायची. सुटे भाग बाहेरच्या देशातून यायचे, इथं ते डब्यात भरून वर आपलं नाव छापायचं. आदल्या दिवाळीला जानरावानं त्यातलं एक यंत्र घरी आणलं, आईला दोन दिवस खेळून दाखवलं आणि तो परत गेला.

बेबीताई पहिल्यांदा गेली तेव्हा वच्छलाबाई सतरंजीवर पाय लांब करून टीव्हीसमोर बसल्या होत्या. हातात रिमोट. पडद्यावर एक ठेंगणा माणूस तिरकमठा घेऊन जंगलातून पळत होता आणि खड्डा आला की त्यात पडत होता. बेबीताईनं सुई भरली, स्पिरिटचा बोळा काढला आणि ती थांबली, कारण बाई हात मोकळा करेनात. तोवर तो माणूस चारदा पडला.

“थोडं मांगं या,” बेबीताई म्हणाली. “पळत या अन् मंग उडी मारा. उभ्यानं नाही जमणार.”

वच्छलाबाई मागे आल्या, पळाल्या, उडी मारली. माणूस पलीकडे गेला. तेव्हा कुठे त्यांनी दंड पुढे केला.

तिसऱ्या खेपेला त्यांनी दुसरा रिमोट बेबीताईसमोर सरकवला. एकटीनं खेळून कंटाळा येतो म्हणाल्या. घरात बाकी कोणी हात लावत नव्हतं. वामनराव त्याला पोरांचा चाळा म्हणायचे आणि दुपारी शेतावर किंवा मोताळ्याला असायचे. बेबीताई दाराजवळच्या खुर्चीवर बसायची तिथून उठून सतरंजीच्या कडेला टेकली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. आठवड्याभरात दोघी अडीच ते चार खेळू लागल्या. सुईच्या दिवशी तर खेळायच्याच, पुढे सुई नसलेल्या दिवशीही.

बेबीताईला आपला हात इतका चालतो हे ठाऊक नव्हतं. अंगठा आपोआप जाई. कुठल्या झाडावरून साप पडतो, कुठला दगड पायाखालून सरकतो, हे तिला एकदा पाहिलं की पाठ होई. सहा गावांच्या वाटा तिला अशाच पाठ होत्या. वच्छलाबाई तिच्याहून हळू, पण हुशार. बेबीताई धावून जायची तिथं त्या थांबून पाहायच्या आणि म्हणायच्या, “थांब, थो गडी तीन वेळा बाण मारते अन् मंग दम घेते. तेव्हा चाल.” तसंच निघायचं. दोघींनी मिळून सातवा किल्ला गाठला. जानरावाला फोनवर सांगितलं तर त्याला खरं वाटेना. त्याच्या ऑफिसात चौघं पाचव्याच्या पुढे गेले नव्हते.

या दीड तासात वच्छलाबाई तिला नर्सबाई म्हणत नसत, बेबी म्हणत. चहा यायचा. बेबीताईचा कप दाराजवळच्या कोनाड्यात असायचा, निळ्या काठाचा, आणि चहा झाला की ती तो स्वतःच विसळून कोनाड्यात ठेवायची. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो कप तिथून काढून तिला देण्यात आला होता, तेवढ्यावरून ती समजली होती. खेळात शिरल्यावर ती ते विसरे. वामनरावांच्या जीपचा आवाज आला की मात्र उठून दाराजवळच्या खुर्चीवर जाई, आणि वच्छलाबाई तिला बस म्हणत नसत.

घरी आल्यावर ती माणिकरावाला खेळाबद्दल सांगे. त्याला रस नव्हता, पण तो ऐकून घेई. तिला बऱ्याच गोष्टी खटकत होत्या. पहिली ही की दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. डाव सुरू करणं, मध्येच थांबवणं, सगळं पहिल्या रिमोटवाल्याच्या हातात. एकदा केंद्रातून तिला बोलवायला माणूस आला तेव्हा वच्छलाबाई आत गेल्या होत्या, आणि बेबीताईला आपला गडी मरताना पाहत बसावं लागलं, थांबवता येईना. दोघं खेळतात तर दोघांना बटण का नको?

दुसरी गोष्ट, लाईट. दुपारी लाईट हमखास जायची आणि यंत्र सगळं विसरून जायचं. सातव्या किल्ल्यावरून पुन्हा पहिल्या जंगलात. तिचं म्हणणं होतं की प्रत्येक किल्ल्यानंतर यंत्रानं पाच-सहा अक्षरं दाखवावीत. ती वहीत लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी भरायची, की डाव तिथूनच सुरू. जीवाचंही तसंच. एकीचे तीन जीव संपले आणि दुसरीकडे दोन शिल्लक असले तर तिला एक देता का येऊ नये? आणि हा गडी सारखा उजवीकडेच का पळतो? मागे वळून जाता येत नाही, गेलं तर तिथं काहीच नसतं, मारलेला माणूससुद्धा नसतो.

“मागं कायले जायचं?” माणिकरावानं विचारलं.

“दुसरा डोस द्यायले,” ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

त्या हसण्यातूनच ते निघालं. पुढचे दोन-तीन महिने ती गावांना जाताना मनात एक खेळ जुळवत राहिली. एक नर्स आहे. खांद्याला डबा आहे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बर्फाची लादी, ती हळूहळू लहान होत जाते; संपली की लस खराब आणि डाव संपला. ऊन लागलं की भराभर वितळते, झाडाखालून चाललं की सावकाश. नाला येतो, एसटी चुकते, कुत्री मागे लागतात. गाव आलं की दार वाजवायचं. बटण दाबलं की लस. काही दारं एकदा वाजवून उघडत नाहीत, परत यावं लागतं. महिन्यानं त्याच गावात दुसरा डोस, तेव्हा यंत्राला लक्षात असलं पाहिजे की पहिल्या वेळी कोणतं दार बंद राहिलं होतं. दुसरा खेळणारा म्हणजे दुसरी नर्स. एकीचा बर्फ संपत आला तर दुसरीनं आपल्यातला थोडा द्यायचा. कोणाला मारायचं नाही. पोर वाचलं तर ते पुढच्या वेळी पडद्यावर थोडं मोठं झालेलं दिसेल.

तिनं हे वच्छलाबाईंना सांगितलं. त्या रिमोट ठेवून ऐकत राहिल्या. त्यांनी एकच भर घातली, की गावात एक म्हातारी असावी, ती लोकांना खोटंनाटं सांगून दारं बंद करवेल. बेबीताईला ते आवडलं.

पुढच्या पोळ्याला जानराव आला. आई आणि नर्सबाई ज्या सफाईनं खेळत होत्या ते उभ्यानं पाहून तो चाट पडला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, मऊ बोलणारा मुलगा. बेबीताईला तो ताई म्हणायचा. त्यानं सांगितलं की कंपनीला इथल्या लोकांसाठी खेळाची एखादी नवी कॅसेट बनवून घ्यायची आहे, साहेब सगळ्यांकडून कल्पना मागवताहेत, तुम्ही लिहून द्या. बेबीताईनं चार दिवस बसून लिहिलं. आठ फुलस्केप कागद आणि आलेखाच्या कागदावर पाच चित्रं. बर्फाची लादी कशी कमी होत जाईल ते तिनं चौकटी मोजून दाखवलं. वर नाव घातलं, ‘बर्फ वितळायच्या आत’. शेवटच्या कागदाखाली सही केली, सौ. बेबी माणिकराव तायडे, परिचारिका. जानरावानं कागद नीट फाइलीत ठेवले. जाताना म्हणाला, साहेबांना हे नक्की आवडणार.

मग सहा-सात महिने काहीच नाही. कपाशी वेचून झाली, थंडी गेली. बेबीताई विचारायची नाही. वच्छलाबाईही तो विषय काढायच्या नाहीत. त्यांच्या न काढण्याला काही कारण असेल असं तिला तेव्हा वाटलं नाही. दोघींचा नववा किल्ला सुरू होता.

चैत्रातल्या एका सकाळी डॉक्टरांनी तिला हाक मारली. त्यांच्या टेबलावर पेपरची पुरवणी उघडी होती. ते हसत होते. “बेबीताई, तुमच्यावर गेम निघतोय,” ते म्हणाले.

फोटोत वच्छलाबाई होत्या, नवं लुगडं, हातात रिमोट. वरती मोठ्या अक्षरात, खेड्यातल्या गृहिणीनं सुचवला टीव्हीचा खेळ. बेबीताईनं उभ्यानंच वाचलं. बर्फाची लादी होती, बंद दारं होती, दुसरा डोस होता. मुंबईच्या कंपनीनं शेकडो कल्पनांतून ही निवडली होती आणि वच्छलाबाईंना नवं यंत्र बक्षीस दिलं होतं, शिवाय मुंबईला सत्कार. हे तुम्हाला कसं सुचलं, असं त्यांना विचारलं होतं. त्यांचं उत्तर छापलं होतं: आमच्याकडे सुई द्यायला एक नर्सबाई येते. तिला पाहून सुचलं.

कंपाउंडर पाहून गेला, शिपाई पाहून गेला. सगळ्यांनी बेबीताईचं अभिनंदन केलं. डॉक्टर म्हणाले, नाव नाही छापलं पण सगळ्यांना कळतं ना कोणती नर्सबाई ते. ती हो म्हणाली. कागद आपण लिहिले होते हे तिथं सांगणं तिला जमलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आधी हसून मग विचारलं असतं, तुम्ही गेम खेळता? कुठं खेळता?

त्या दिवशी सुई होती. ती अडीचला गेली. वच्छलाबाई सतरंजीवर नव्हत्या, पलंगावर बसल्या होत्या. टीव्ही बंद होता. बेबीताईनं सुई भरली, दंडाला बोळा लावला, सुई दिली, चोळलं. मग डबी बंद करताना म्हणाली, “मले पाहून सुचलं म्हणे तुमाले.”

“तसं त्या पेपरवाल्यानं लिवलं.”

“तुम्ही काय सांगतलं होतं त्याले?”

वच्छलाबाईंनी दंडावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “तेच सांगतलं होतं.”

त्यानंतर त्यांनी जे झालं ते सांगितलं. जानरावानं कागद नव्यानं टाइप करून घेतले होते. साहेबांना गृहिणीचं नाव पाहिजे होतं, जाहिरातीला बरं. आणि जानरावानं घरी विचारलं तेव्हा वामनराव म्हणाले, तुझ्या आईचं घाल. त्यांनी एकदाच म्हटलं आणि ते उठून गेले.

“तुह्यं नाव टाकलं असतं तर लोकायनं इचारलं असतं,” वच्छलाबाई म्हणाल्या, “नर्सबाई पाटलाच्या घरात दुपारभर कायले बसते. आमच्या ह्यायले ते चाललं नसतं. तुह्यं येणंच बंद झालं असतं. मंग मी कोणासंग खेळली असती? सुचलं कोणाले हे मले माईत हाय, तुले माईत हाय. अजून कोणाले सांगा लागते?”

बेबीताईनं डबी उचलली. तिला राग यायला हवा होता तितका येत नव्हता, कारण बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. खेळायला बेबी हवी आणि पेपरात नर्सबाई, हे दोन्ही त्यांना एकदमच हवं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना दिसत नव्हतं.

“मले सांगा लागते, पाटलीणबाई,” ती म्हणाली. “मले सांगा लागते.” आणि ती निघाली. चहा कोनाड्याजवळ तसाच राहिला.

पंधरा दिवसांनी बक्षिसाचं यंत्र आलं. बेबीताई सुई द्यायला जात होती, ते तिचं काम होतं. वच्छलाबाईंनी सतरंजी पसरून ठेवली होती, नवं यंत्र जोडून ठेवलं होतं. या यंत्राच्या दोन्ही रिमोटना स्टार्टचं बटण होतं. त्यांनी तो दुसरा रिमोट तिच्या हातात देऊन दाखवला, जणू तो त्यांनी स्वतः करून घेतला होता. आता तूच चालू कर, म्हणाल्या. बेबीताईनं बटणावरून अंगठा फिरवला. तिला खेळावंसं वाटलं, हे तिनं नंतर माणिकरावाजवळ कबूल केलं. यंत्रासोबत आलेली कॅसेट दुसऱ्याच खेळाची होती; तीत डोंगर होते, बर्फाळ, आणि गडी छान पळत होता. तिनं रिमोट सतरंजीवर ठेवला आणि ओपीडीची वेळ झाली असं सांगितलं. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

माणिकरावानं कंपनीला पत्र लिहिलं. ती नको म्हणत होती. कच्च्या कागदांचे तुकडे आणि चौकटींची दोन चित्रं घरात राहिली होती, ती त्यानं सोबत जोडली. महिन्यानं उत्तर आलं, छापील कागदावर, फार सभ्य. आपल्या पत्नीच्या कार्यापासून आमच्या विजेत्या स्पर्धकांना प्रेरणा मिळाली याचा आम्हाला आनंद आहे. सोबत एक कॅलेंडर होतं.

पत्राची बातमी जानरावाकडून घरी पोचली असावी. नंतरच्या महिन्यात आरोग्य खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले आणि जाताना त्यांनी बेबीताईला बसवून घेतलं. तक्रार होती की नर्स कामाच्या वेळात गावात टीव्हीवर खेळ खेळत बसते. त्यांनी कागद तिच्यासमोर ठेवला. अक्षर वामनरावांचं होतं. सही वच्छलाबाईंची, सातवी शिकलेल्या बाईची सावकाश काढलेली, गोल. मजकुरात वेळ दिली होती, दुपारी अडीच ते चार. वामनरावांना नेमकी वेळ माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते तेव्हा घरी नसायचे.

बेबीताईनं सांगितलं की ओपीडी चारला उघडते. अधिकारी म्हणाले, ते मला मान्य आहे, पण तुम्ही खेळत होता की नव्हता? ती म्हणाली, होते. त्यांना बहुधा ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. थोडा वेळ त्यांनी पेन हातात फिरवलं आणि मग सांगितलं की चौकशी वगैरे वाढवण्यापेक्षा बदली बरी, तुमच्यासाठीही.

बदली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला झाली, लोणारच्या पुढे, जालन्याच्या हद्दीजवळ. तिथलं बोलणं वेगळं. बेबीताई ‘मले’ म्हणाली की बाया हसत. माणिकरावाची बदली व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली, तोवर तो पळसवाडीतच राहिला. वच्छलाबाईंना सुई द्यायला दुसरी नर्स जाऊ लागली, शालूबाई म्हणून. तिच्याकडून माणिकरावाला कळलं की पाटलीणबाईनं तिच्यापुढेही रिमोट सरकवला होता, पण तिला ते जमलं नाही, डोळे दुखतात म्हणाली. यंत्रावर आता कापड टाकलेलं असतं. हे ऐकून बेबीताईला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची लाजही वाटली. पण लाज थोडीच टिकली.

नव्या केंद्रात तिनं कोणाला खेळाबद्दल सांगितलं नाही. गावांना जाताना मात्र डोकं थांबत नसे. पावसात वेगळी वाट असावी. एखादं दार उघडावं आणि आत कोणीच नसावं, गाव ऊसतोडीला गेलेलं. अशा गोष्टी सुचत आणि ती त्या झटकून टाकी. लिहून ठेवायचं तिनं बंद केलं होतं.

दोन वर्षांनी तिला एका प्रशिक्षणासाठी तीन दिवस बुलडाण्याला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारीच सोडलं. स्टँडजवळ एका गाळ्यात चार टीव्ही मांडून तासावर गेम खेळायला देत होते. ती दारातून पुढे गेली आणि परत आली. गल्ल्यावरच्या माणसाला वाटलं, बाई आपल्या पोराला शोधायला आली. तिनं मला खेळायचं आहे म्हटल्यावर त्यानं कोपऱ्यातला टीव्ही दिला आणि कॅसेटींचा डबा पुढे केला.

ती कॅसेट तिनं वरच्या चित्रावरून ओळखली नाही. चित्रात बनियन घातलेला, दंडांवर बेटकुळ्या असलेला एक माणूस बंदूक धरून उभा होता आणि मागे बर्फाचे डोंगर होते. कंपनीचं नाव ओळखीचं होतं म्हणून तिनं ती उचलली. खेळ सुरू झाला आणि वरच्या कोपऱ्यात बर्फाची लादी दिसली. तिनं चौकटी मोजून काढली होती तेवढीच, तशीच एकेक चौकट कमी होणारी. उन्हात भराभर, झाडाखाली सावकाश. नाला होता. मागे लागणारी कुत्री होती. दोन खेळणाऱ्यांनी एकमेकांना बर्फ द्यायचा हेसुद्धा होतं. ते कोणालाच कळत नाही, असं गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, ते बटण कशाचं आहे तेच पोरांना समजत नाही.

पाठीवर डबा होता. त्यात काय आहे ते सांगितलेलं नव्हतं. तो माणूस ते घेऊन पळत होता, एवढंच.

पहिलं गाव आलं. कौलारू घरं, बुटकी दारं. ती दाराशी थांबली. दार उघडलं, एक बाई बाहेर आली, कडेवर काहीतरी होतं, मूल असावं, एवढ्याशा चित्रात नीट कळत नव्हतं. बेबीताईनं बटण दाबलं. गोळी सुटली. बाई लुकलुकली आणि नाहीशी झाली, आणि तिच्या जागी शंभर असा आकडा वर तरंगत गेला.

तिनं अंगठा बटणावरून काढला. मग तिनं ठरवलं की बटण न दाबता जायचं. दारातून निघणाऱ्या बायांच्या, म्हाताऱ्यांच्या अंगावरून उड्या मारत ती गावाच्या टोकाला पोचली. तिथं फाटक होतं, ते उघडेना. तिनं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आली. फाटक बंदच. गल्ल्यावरच्या माणसानं तिथूनच सांगितलं की सगळे संपवल्याशिवाय पुढं जाता येत नाही, एकही शिल्लक ठेवायचा नाही. तिनं विचारलं, दुसरा रस्ता नाही का? तो नाही म्हणाला. तिनं आणखी दोनदा डाव घेतला, प्रत्येक भिंतीला, प्रत्येक झाडाला अंग घासून पाहिलं. तिन्ही वेळा फाटकाजवळ उभी असताना बर्फ संपला.

तासाला अजून वीस मिनिटं होती. ती उठली. त्या माणसानं बाकीच्या वेळात दुसरी कॅसेट लावून देऊ का विचारलं. चांगला जंगलाचा खेळ आहे, तिरकमठ्याचा. ती नको म्हणाली.

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. चिखलीपर्यंत तिला काही वाटलं नाही. पुढे कुठेतरी तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात ते फाटक कसं उघडता येईल हेच शोधत आहोत, आणि तिला स्वतःचा इतका संताप आला की तिनं कपाळ समोरच्या सीटच्या दांडीला लावून डोळे मिटून घेतले. शेजारच्या बाईनं विचारलं, मळमळतंय का? ती हो म्हणाली. बाईनं पिशवीतून लिंबू काढून दिलं आणि ती ते नाकाशी धरून बसली.

घरी पोचली तेव्हा माणिकराव भाकरी टाकत होता. तो दीड महिन्यापूर्वीच बदलीवर आला होता आणि अजून घरातलं सगळं आपणच करायचा. प्रशिक्षणात काय झालं ते त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. मग तव्यावरची भाकरी उलटत त्यानं सहज विचारलं, बुलडाण्याला दुकानं असतील ना त्या कॅसेटींची, तो तुझा खेळ दिसला का कुठं?

“नाही,” ती म्हणाली. “तो त्यायनं काढलाच नाही वाटते.”

माणिकराव म्हणाला, बरं झालं, त्यांना तो जमलाच नसता. बेबीताईनं पाय धुतले, ताटं घेतली आणि ती जेवायला बसली.